रणपिसे काकांचा कोलंबस

आमच्या सामानाचा ट्रक आर. के. पुरमच्या नव्या क्वार्टरसमोर थांबला, तेव्हा जिन्यात एक गृहस्थ चहाची किटली घेऊन उभे होते. चष्मा कपाळावर, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. बाबांना बढती मिळाली होती, म्हणून आम्ही सरोजिनी नगरच्या टीचभर घरातून या मोठ्या घरात आलो होतो, आणि मी दहा वर्षांची, साहजिकच हवेत होते. "काका, आजपासून आम्ही इथे राहणार, पता है?" मी ठणकावून सांगितलं. काका किटली घेऊन पायरीवरच बसले. म्हणाले, "ते तुझं झालं. आता किनाऱ्यावरून सांग."

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी समजावलं, की या जिन्यात एक मांजर आहे आणि तिची पिल्लं तुमच्या रिकाम्या बाल्कनीत आहेत. आता तुम्ही येताय हे मांजरीच्या बाजूनं सांगायचं. आधी काय आलं? आवाज. मग? खाटा. मग? "मग मी," मी म्हटलं, आणि माझा आवाज एकदम बारीक झाला. काका आनंदानं ओरडले, "बिल्कुल! आलं तुला!" वर आई चहाची वाट बघत होती. चहा पार थंड झाल्यावर तिला मिळाला, आणि पिल्लं पुढे आमच्याच घरी वाढली.

हे सायमन रणपिसे. मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती. जहाजांच्या कागदपत्रांशी संबंध असलेल्या एका सरकारी खात्यात अप्पर डिव्हिजन क्लार्क होते. जन्मभर जहाजांच्या फायली हाताळल्या, पण जहाजात पाऊल म्हणून ठेवलं नाही. त्यावरून कोणी चिडवलं तर म्हणायचे, "अहो, नगरला पाणी नळाला येईल तेवढंच. समुद्राची हौस माझ्याएवढी मुंबईकराला असणार आहे का?" हौस मात्र खरी होती. दिल्लीतल्या वाचनालयांतून दर्यावर्दी लोकांच्या सफरींची पुस्तकं आणायची, बसमध्ये उभ्यानं वाचायची आणि त्यात काही नवीन सापडलं की ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय घरी जायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. ते कोणी तरी म्हणजे बहुतेक वेळा आम्ही, कारण आमचं दार आधी लागायचं.

"किनाऱ्यावरून सांग" हे त्यांचं पालुपद सगळ्या सेक्टरला पाठ होतं. होडीतून येणारा काय सांगतो ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं, किनाऱ्यावर उभा असतो त्याला कोणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा बाबा रंगात येऊन सांगत होते, की नव्या सेक्शनमध्ये गेल्या गेल्या आपण तिथली शिस्त कशी सुधारली. काका मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "सेक्शनचं काय म्हणणं आहे?" बाबा नंतर बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. काकांना त्याचा पत्ताही नव्हता. ते रोज संध्याकाळी येऊन बसत आणि बाबांच्याच खुर्चीत बसत.

त्यांचा उत्साह हा सांसर्गिक प्रकार होता. आम्ही जेवायला बसलेलो असताना एकदा बेल वाजली ती थांबेचना. दार उघडलं तर काका, हातात पुस्तक, घामाघूम. "वहिनी, कारकून सापडला!" आईला वाटलं, ऑफिसातलं कोणी हरवलं होतं. पण काका सांगत होते ते कोलंबसाच्या बोटीवरच्या कारकुनाबद्दल. कोलंबस त्या बेटावर उतरला, झेंडा रोवला, ही जमीन आमच्या राजाराणीची असं जाहीर केलं, आणि त्या क्षणी शेजारी एक अधिकृत लेखनिक उभा होता, हे सगळं नीट लिहून घ्यायला. "झेंडा कोणी रोवला ते जगाला माहीत आहे. अहो, पण कागद कोणी केला?" काका चष्मा हातात घेऊन हलवत होते. "कारकुनाशिवाय जग लुटता येत नाही, वहिनी! आणि पुढे पुढे तर मजाच. बेटावरच्या लोकांना एक जाहीरनामा वाचून दाखवायचा, तोही स्पॅनिशमध्ये! त्यांना शब्द कळत नाही. पण वाचून दाखवला ना? झालं काम! अगदी आपलं ऑफिस!" आईनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं. ते जेवले, पण काय जेवले ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं.

हे ब्याण्णव सालचं. कोलंबसाच्या त्या सफरीला पाचशे वर्षं होत होती आणि वर्तमानपत्रांत त्यावर रकाने भरून येत होते. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांचं नाटक दरवर्षी काकाच बसवत. नाटकं छापील असत, राजाराणीची नाहीतर पुराणातली. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच स्वतः लिहायला घेतलं, आणि आम्हाला सगळ्यांना गच्चीवर बोलावून एक गोष्ट सांगितली. "मंडळी, तो माणूस आपल्याकडे यायला निघाला होता. इंडियात! आपला पत्ता चुकला आणि तो भलत्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. सेक्टर चारचं पार्सल सेक्टर पाचला जातं तसं. त्या बिचाऱ्यांना त्यानं नावसुद्धा आपलंच दिलं. म्हणजे आपल्या नावाचं संकट त्यांच्यावर गेलं की नाही? मग त्यांचं नाटक आपण नाही करायचं तर कोणी?" आमच्या अंगावर काटा आला होता. मला वाटतं, कोणी इतकं मोठं काही आमच्यावर त्याआधी सोपवलंच नव्हतं.

पात्रयोजना त्यांनी लगेच जाहीर केली. बेटावरची माणसं, म्हणजे ताइनो, शुद्ध मराठी बोलणार. प्रेक्षकांना त्यांचं सगळं समजलं पाहिजे, ती आपली माणसं वाटली पाहिजेत. कोलंबसाचं मात्र कोणालाच काही समजता कामा नये. "म्हणून कोलंबस रेवा," काकांनी माझ्याकडे बोट केलं. मी उडालेच. "मी? मी तो लडकी हूँ! म्हणजे... मुलगी आहे ना मी." काका म्हणाले, "ते मिशीनं भागेल. पण तुझं मराठी असं आहे, की तू होडीतच बरी." सगळी गच्ची हसली. मीही हसले. दिल्लीत वाढलेल्या आम्हा मुलांच्या मराठीवर तेव्हा सगळेच तोंडसुख घ्यायचे. पण त्यामुळे मोठी भूमिका मिळते हे पहिल्यांदाच घडत होतं.

कोलंबसाची भाषा काकांनी ऑफिसातल्या फायलींवरच्या शेऱ्यांतून आणली. मी होडीतून उतरून छाती पुढे काढून म्हणायचं, "फॉर नेसेसरी ॲक्शन प्लीज! पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स! सीन अँड रिटर्न्ड!" समोर बेटावरची मुलं एकमेकांकडे बघून विचारणार, "हा काय म्हणतोय? भूक लागली असेल का? याला बटाटे द्या." मग मला एक उकडलेला बटाटा मिळायचा. बटाटा दिला की काका तालीम थांबवायचे. "मंडळी, हा शब्द त्यांचा बरं का! त्या बेटावरच्या कंदाचं नाव. पोर्तुगीजांच्या बोटीत बसून आला आणि आपल्याकडच्या पातेल्यात पडला. ती माणसं फार थोडी उरली हो. त्यांचा शब्द रोज तुमच्या आया चिरतात." रोज तेच सांगायचे, आणि रोज त्यांचे डोळे तसेच मोठे व्हायचे. आम्ही मुलं घरी आलू म्हणायचो. त्या महिन्यात आम्ही सगळे ठरवून बटाटा म्हणायला लागलो.

ऑगस्टमधला दिल्लीचा उकाडा म्हणजे अंगाला कपडा चिकटतो. पण गच्चीवरून खाली जायला कोणी तयार नसे. बेटावरची माणसं झोळ्यांमध्ये झोपत असं काकांनी वाचलं होतं, म्हणून आयांच्या जुन्या साड्या पाण्याच्या टाक्यांना बांधून झोळ्या केल्या. त्यात आधी कोण झोपणार यावरून खरीखुरी भांडणं झाली. सुशीलाकाकू, म्हणजे काकांची बायको, वडे तळून वर पाठवायची. सगळ्यांत लहान ताइनो होती चिमी, मंडळाचे अध्यक्ष देवधर साहेब यांची पाच वर्षांची नात. तिला एकच वाक्य होतं: "पाहुणे आले, पाहुणे आले!" ते ती जेवताना, खेळताना, कधीकधी झोपेतही म्हणे, असं तिची आजी सांगायची.

नाटकाचा शेवट काकांनी लिहिला होता तसा असा होता. झेंडा लागल्यावर कोलंबस सगळ्यांशी हात मिळवतो. मग बेटावर परदेशी आजार पसरतो, आणि एकेक जण रंगमंचावर आडवा होतो. शेवटी कोलंबस एकटा उरतो. काकांच्या मते सगळं नाटक त्या शेवटासाठीच होतं. "झेंड्यावर पडदा पाडणं म्हणजे होडीतून सांगणं," ते म्हणायचे. "गोष्ट झेंड्यानंतर सुरू होते."

उत्सवाला थोडे दिवस उरले असताना देवधर साहेब तालीम बघायला गच्चीवर आले. ते निवृत्त अवर सचिव. पांढरा सदरा, हातात काठी, आवाज अजून सचिवालयातला. माझं "सीन अँड रिटर्न्ड" ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मुलं आडवी व्हायला लागली. चिमीही आडवी झाली आणि डोळे मिटून हसू दाबत पडून राहिली. देवधर साहेबांचं हसू गेलं.

"रणपिसे, हे चालणार नाही."

"साहेब, हा इतिहास आहे."

"असेल. पण समोर गणपती बसलेला असणार. सणासुदीचे दिवस. त्याच्यापुढे आमची पोरं मेलेली दाखवायची? झेंड्यावर पडदा पाडा. छान नाटक आहे."

काकांना मी एवढं शांत कधी बघितलं नव्हतं. त्यांनी सांगून बघितलं, की मग नाटकच कशाला करायचं. देवधर साहेब म्हणाले, की मग नका करू, मुलांची गाणी ठेवू. आम्ही सगळे झोळ्यांमध्ये बसून ऐकत होतो. मला रडायला येत होतं, ते मिशी जाणार म्हणून की काय कोण जाणे. शेवटी काकांनी विचारलं, "साहेब, नक्की काय नको तेवढं सांगा. स्टेजवर एकही मूल मरायला नको. एवढंच ना?"

"एवढंच. एकही नाही."

"नाही मरणार," काका म्हणाले. देवधर साहेब जिना उतरले, आणि काकांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. आम्हाला वाटलं, आता हे रडणार. तर ते गच्चीवर गोल गोल फिरायला लागले. "मिळालं! मंडळी, मिळालं! साहेबांनीच दिलं! याच्यापेक्षा चांगला शेवट मला जन्मात सुचला नसता!" एक चप्पल निघून गेली तरी फिरतच होते. मग त्यांनी एकेका ताइनोला टाकीमागे नेऊन कानात काही तरी सांगितलं. परत येणारा प्रत्येक जण तोंडावर हात ठेवून येत होता. माझी पाळी आलीच नाही. मी विचारलं, "और मैं?" काका म्हणाले, "तू तुझं भाषण करत राहायचं. काही झालं तरी स्टेजवरून खाली यायचं नाही. कोलंबसाला काही ठाऊक नसतं, म्हणून तुलाही सांगणार नाही. चलो, मिशी लाव."

नाटकाच्या संध्याकाळी सेक्टरचं समाज सदन भरून गेलं होतं. एका टोकाला गणपती, दुसऱ्या टोकाला स्टेज, मध्ये सतरंज्या आणि पुढे खुर्च्यांची एक रांग. त्या रांगेत मधोमध देवधर साहेब. पडदा उघडला, चिमीनं "पाहुणे आले" इतक्या जोरात म्हटलं की टाळ्या पडल्या. मी उतरले, "फॉर नेसेसरी ॲक्शन प्लीज" म्हटलं आणि सगळं सदन हसून फुटलं. बसलेले सगळे सरकारी नोकर. कोणी मांड्यांवर थापा मारत होतं, कोणी मागून ओरडलं, "डायरी नंबर टाका!" ताइनो गोंधळून बघताहेत, मी बटाटा खातेय, लोक डोळे पुसताहेत. माझ्या आयुष्यात तोवर एवढी मजा आली नव्हती. मी झेंडा रोवला. मोठा कागद उघडून वाचायला लागले आणि वाचता वाचता, ठरल्याप्रमाणे, एकेकाशी हात मिळवला.

पहिला गेला तो बेटावरच्या म्हाताऱ्याचं काम करणारा मुलगा. माझा हात सोडून तो चार पावलं चालला, पायऱ्या उतरला आणि आपल्या आईच्या मांडीवर जाऊन बसला. लोकांना वाटलं, पोरगा वाक्य विसरला. हशा पिकला. मग दुसरी गेली. मग जुळे भाऊ गेले. मी वाचत होते, "रिक्वेस्टेड टू काइंडली," आणि कोपऱ्यातल्या झोळ्या रिकाम्या होत होत्या. मला वाटलं, मी काही तरी चुकले. मी विंगेत बघितलं. काका अंधारात उभे, हातानं खुणावताहेत, चालू ठेव.

खाली आया कुजबुजत होत्या. "अगं, अजून संपलं नाही, जा वर." आणि प्रत्येक मूल आपल्या आईला तेच उत्तर देत होतं, कानात सांगून ठेवलेलं. ते सगळ्या सदनात हळूहळू पसरत गेलं. हसणं एकीकडून थांबत आलं.

शेवटी चिमी उरली. तिनं माझा हात हलवला, दोनदा हलवला कारण तिला ते आवडायचं, आणि उडी मारून खाली गेली. ती गेली ती सरळ आजोबांच्या मांडीवर. देवधर साहेब स्टेजवरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "चिमे, काय हे? जा, जा परत वर. सगळे वाट बघताहेत."

चिमीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. "नाही जायचं आजोबा," ती म्हणाली. "आम्ही संपलो."

देवधर साहेबांनी चिमीचं डोकं एका हातानं आपल्या खांद्याशी दाबून धरलं. त्यांचा दुसरा हात हवेत तसाच राहिला होता. मागे एक बाई आपल्या मुलाचे केस कुरवाळत रडत होती. वर मी. मिशी, झेंडा, कागद. खाली माझे सगळे मित्र आयांच्या मांड्यांवर आणि इतकी मोठी रिकामी जागा माझ्याभोवती. माझं भाषण संपलं होतं. मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले, "फॉर नेसेसरी," आणि पुढचं येईना. मग माझ्या तोंडून निघालं, "अरे यार, वर या ना कोणी तरी."

कोणी हललं नाही. त्यांना तसंच सांगितलेलं होतं.

पडदा पडला. देवधर साहेब उठले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता तमाशा होणार. काका स्टेजच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले होते. "साहेब, एकही मेलं नाही," ते म्हणाले. देवधर साहेब चिमीला कडेवर घेऊन सतरंज्यांमधून चालत गेले आणि एकेका मुलापाशी थांबून, त्याला नावानं हाक मारून त्याच्या गालाला हात लावत गेले. आमच्या अध्यक्षांना सगळ्या मुलांची नावं पाठ आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. मग ते काकांकडे वळून म्हणाले, "रणपिसे, बरं केलंत." एवढंच. टाळ्या मग सुरू झाल्या आणि खूप वेळ थांबल्या नाहीत.

काका आनंदानं वेडे झाले होते. नाचत पडद्याआड आले, "रेवा! रेवाबाई! जिंकलं ग पोरी!" आणि त्यांनी हात पुढे केला. मी दोन्ही हात पाठीमागे लपवले. "नको काका," मी म्हटलं. "मला हात लावू नका." ते हसले, मी गंमत करतेय असं त्यांना वाटलं. पुन्हा हात पुढे केला. मी मागे सरकत सरकत झेंड्याला जाऊन टेकले. मला हुंदका आवरेना. "ज्यांना मी हात लावला ते सगळे गेले. मैंने कुछ नहीं किया, काका. मला माहीतच नव्हतं."

काका जागच्या जागी खाली बसले. चष्मा काढून हातात घेतला, पण या वेळी हलवला नाही. "अरे देवा," ते म्हणाले. "सगळ्यांना घरी पोचवलं मी. तुला एकटीला विसरलो." काका माझ्यापेक्षा जास्त रडले.

नोकरी संपल्यावर काका नगरला गेले. आता त्यांना देवाघरी जाऊनही बरीच वर्षं झाली. आमचं सेक्टर पांगलं. मी आता गुरुग्रामला एका उंच इमारतीत राहते. जुने लोक भेटले की त्या नाटकाच्या आठवणी निघतात, आणि प्रत्येक जण चिमीचं वाक्य म्हणून दाखवतो. त्यानंतर पडद्याआड काय झालं ते त्यांना ठाऊक नाही. तिथे काकांनी माझे हात पाठीमागून ओढून घेतले. मी सोडवायला बघत होते. त्यांनी ते आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले, तसंच मला स्टेजवरून खाली उतरवलं आणि सगळ्यांच्या मधून चालवत गणपतीसमोर नेलं.

आरती सुरू झाली होती. काका दरवर्षी सगळ्यांत पुढे असत, आणि टाळ्या वाजवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. त्या वर्षी अख्खं समाज सदन टाळ्या वाजवत होतं. काका भसाड्या आवाजात आरती म्हणत होते, पायानं ताल धरत होते, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत त्यांनी माझे हात सोडले नाहीत.